संस्था नोंदवायचीय? आधी हे वाचा, मग फाईल उघडा

आमच्या नियमावलीच्या पहिल्या कच्च्या प्रतीत उद्देश नंबर एक काय होता माहितीय? "जगात न्याय व शांतता प्रस्थापित करणे." आणि त्याच पानावर खाली कार्यक्षेत्र, फक्त आमचा तालुका. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात ज्या साहेबांनी कागद चाळले त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "ताई, काम जगाचं आणि हद्द तालुक्याची, कसं जमवणार?" सगळे हसले, मी पण हसले, पण येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून विचार करत बसले की बोलले ते खरंच आहे.

तर माझी ओळख एवढीच, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एका वर्षी मिरवणुकीच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरला, दोन दिवस बाजार बंद, नंतर कळलं व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातला आणि तोही जुना. त्यानंतर नाल्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही गल्ल्यांतले सातआठ जण दर रविवारी दुकानाच्या ओट्यावर बसायला लागले. आधी फक्त फॉरवर्ड तपासायचे, मग तुंबलेल्या नाल्याचा अर्ज, मग निराधारचे फॉर्म, रेशनकार्ड, एका बाईची पोटगीची केस. मग कुणीतरी म्हणालं संस्था काढू. तिथून नोंदणी पूर्ण व्हायला चौदा महिने लागले, तीनदा त्रुटी निघाल्या, त्यातल्या अडीच आमच्याच चुकीने. म्हणून हे लिहितेय. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात पद्धत वेगळी.

१. नोंदणी खरंच लागतेय का ते आधी ठरवा

बऱ्याच लोकांना वाटतं रजिस्टर नंबर असल्याशिवाय काहीच करता येत नाही. असं काही नाही. माहिती अधिकाराचा अर्ज कुठलाही नागरिक टाकू शकतो, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उलट हा हक्क कायद्याने नागरिकाला दिलाय, संस्थेला नाही, त्यामुळे संस्था झाली तरी अर्ज स्वतःच्या नावाने करा, नाहीतर लेटरहेडवरचा अर्ज परत येऊ शकतो. ग्रामसभेत प्रश्न विचारायला मतदार असलात की पुरे. कुणाला वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा, १५१०० हा नंबर आहे, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे सगळं आम्ही नोंदणीच्या आधीच करत होतो.

आणि शांततेचंच म्हणाल तर भिवंडीचं उदाहरण आहेच. १९८४ ला तिथे भयानक दंगल झाली होती. त्यानंतर काही वर्षांनी पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजातली साधी माणसं आणि पोलीस एकत्र बसायला लागले, आणि १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ते काम माणसं एकमेकांना तोंडओळखीने ओळखत होती म्हणून झालं, नोंदणी क्रमांकामुळे नाही.

मग नोंदणी कधी लागते? जेव्हा पैसा येतो तेव्हा. बँकेत संस्थेच्या नावाने खातं, देणगीची पावती, सरकारी योजना, कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामासाठी कंपन्या देतात तो निधी, भाड्याची जागा संस्थेच्या नावावर, ह्यासाठी.

सावधान: नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर तिथेही कायदा आहे. गणपती मंडळं दरवर्षी धर्मादाय कार्यालयाकडून तात्पुरती परवानगी घेतात ना, ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली. आम्हाला हे माहीतच नव्हतं, आम्ही मुलांच्या वाचनालयासाठी वहीत नावं लिहून पैसे घेतले होते. कुणी तक्रार केली नाही हे नशीब.

२. कुठल्या प्रकारची संस्था

तीन वाटा आहेत. ट्रस्ट म्हणजे न्यास, कमी विश्वस्तांत होतो, पण ज्याने केला त्याच्या घरातच राहायची भीती जास्त. कंपनी कायद्याच्या कलम आठची कंपनी, ती दोन माणसांत होते पण दरवर्षीचे फॉर्म आणि सीएची फी बघून आमच्यासारख्यांनी लांबूनच नमस्कार करावा. आणि तिसरी, आपली नेहमीची सोसायटी, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली. सभासद, सर्वसाधारण सभा, निवडणूक, कार्यकारी मंडळ. दहा लोकांनी मिळून काम करायचं असेल तर हीच बरी.

१८६० म्हणजे बंडानंतर तीनच वर्षांनी केलेला कायदा. त्यात कोणत्या संस्था नोंदवता येतात ती यादी एकदा वाचा, लष्करी अनाथ फंडापासून वाचनालयापर्यंत सगळं आहे आणि "राजकीय शिक्षणाचा प्रसार" हेही आहे. मला फार आवडलं ते. पण म्हणून पक्षाचं काम संस्थेतून करायला जाऊ नका, पुढे देणगीच्या सवलतीला आणि परदेशी निधीला तेच आडवं येतं.

महाराष्ट्रातली खास गोष्ट ही की इथे सोसायटी १८६० च्या कायद्याखाली नोंदवली की तीच सार्वजनिक न्यास म्हणूनही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदवावी लागते. म्हणजे सर्टिफिकेटं दोन. पहिलं हातात पडलं की लोक पेढे वाटतात आणि दुसऱ्याचा अर्ज राहून जातो, त्याला तीन महिन्यांची मुदत असते. न्यासाचा नंबर एफ ने सुरू होतो, तो मिळाला की मग गंगेत घोडं न्हालं समजा.

३. सात माणसं शोधा, सात सह्या नाही

कायद्याला किमान सात सभासद लागतात. पण इथेच सगळ्यात जास्त संस्था मरतात. नवरा, बायको, दीर, जाऊ, मेव्हणा अशी एकाच घरातली सात नावं दिली तर कार्यालय आक्षेप घेतं, आणि घेतलाच पाहिजे. दुसरा प्रकार म्हणजे मोठं नाव पाहिजे म्हणून एखाद्या डॉक्टरला, निवृत्त प्राचार्याला अध्यक्ष करायचं, ते कधी मीटिंगला येत नाहीत आणि सहीसाठी त्यांच्या दारात चपला झिजतात.

आम्ही आम्हाला एक नियम घातला होता, जो मागच्या दहा रविवारांपैकी सहा रविवार ओट्यावर आला तोच संस्थापक सभासद. त्यामुळे आमचे दोन फार चांगले बोलणारे लोक गळले, ते अजून रुसलेले आहेत. पण दोन्ही गल्ल्यांतली माणसं राहिली, तीन बायका राहिल्या, एक रिक्षावाले चाचा आहेत ते खजिनदार, त्यांचा हिशेब रुपयाला रुपया जुळतो.

सरकारी नोकर कुणी असेल तर त्यांनी पदाधिकारी व्हायच्या आधी आपल्या खात्याची परवानगी लागते का ते बघावं, नंतर त्यांच्याच अंगाशी येतं.

४. नाव

पर्याय तीनचार तयार ठेवा, पहिलं सहसा आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. केंद्र किंवा राज्य सरकारशी संबंध आहे असं वाटेल असं नाव चालत नाही. "मानवाधिकार", "भ्रष्टाचार निर्मूलन" असे शब्द नावातून काढा असं परिपत्रक २०१८ ला निघालं होतं, कारण त्या नावांचे बोर्ड गाडीला लावून काही लोक वसुली करत फिरत होते. उच्च न्यायालयाने पुढे ते परिपत्रक रद्द केलं. तरी माझं मत, नाव साधंच ठेवा, बोर्ड बघून साहेब घाबरला पाहिजे असा हेतू असेल तर तुमचं आणि माझं जमायचं नाही.

मोठा सापळा स्पेलिंगचा. आपल्याकडे निम्म्या संस्था "बहुउद्देशीय". आता ते इंग्रजीत लिहिताना डी एक का दोन, यू एकदा का दोनदा? सर्टिफिकेटवर एक, पॅनवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि मग दुरुस्तीसाठी वर्ष जातं. नाव ठरलं त्याच दिवशी मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग एका कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्याचाच फोटो सगळीकडे पाठवा. आम्ही नावातून "बहुउद्देशीय" काढूनच टाकलं.

५. उद्देश आणि नियमावली, इथे घाई करू नका

बाजारात एजंट असतात, ते तयार नियमावली देतात, नाव बदललं की झालं. मी स्वतः अशा शेकडो झेरॉक्स काढल्यात. त्यात चाळीस चाळीस उद्देश असतात, गोशाळेपासून इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत. वाटतं की बरंय, पुढे काहीही करता येईल. पण नंतर उद्देश बदलायचा तर सोपं नाही, दोन विशेष सभा आणि तीन पंचमांश मतं लागतात, आणि आयकरवाले विचारतात की चाळीसपैकी नेमकं काय केलं ते दाखवा.

आम्ही "जगात शांतता" खोडलं आणि असं लिहिलं: दोन समाजांत संवाद राहावा म्हणून नियमित बैठका घेणे, अफवा पडताळून खरी माहिती लोकांपर्यंत पोचवणे, गरजूंना मोफत कायदेशीर मदतीपर्यंत पोचवणे, सरकारी योजनांचे अर्ज भरायला मदत करणे, मुलांसाठी वाचनालय चालवणे. पाच. जे करतोय ते आणि जे दोन वर्षांत करू शकू ते. कार्यक्षेत्र मात्र तालुका खोडून महाराष्ट्र राज्य केलं, ते साहेबांनीच सुचवलं, कारण उद्या शेजारच्या जिल्ह्यात काम करायचं झालं तर अडायला नको.

नियमावलीत ह्या गोष्टी स्पष्ट पाहिजेत: सभासद कसा होतो आणि कसा जातो, वर्गणी किती, कार्यकारी मंडळ किती वर्षांचं, निवडणूक कशी, सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कशाने (आम्ही व्हॉट्सॲप लिहिलं, पण सोबत सहीचं रजिस्टरही ठेवलं), गणपूर्ती किती, बँकेत सह्या कुणाच्या, आणि संस्था बंद पडली तर उरलेला पैसा कुठे जाईल. तो सभासदांना वाटून घेता येत नाही, तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला द्यावा लागतो. हे शेवटचं वाक्य आमच्यात नव्हतं, पहिली त्रुटी तीच निघाली.

मंडळाची मुदत पाच वर्षं लिहायची पद्धत आहे, आम्ही तीन लिहिली. भांडण झालंच तर तीन वर्षांत सुटका.

६. कागद काय काय

ही यादी भिंतीवर चिकटवा. कार्यालयाप्रमाणे एखादा कागद कमीजास्त होतो म्हणून जायच्या आधी तिथल्या फलकावरची यादी बघा.

- विधानपत्र म्हणजे मेमोरँडम, नाव, पत्ता, उद्देश आणि पहिल्या मंडळाची यादी असलेलं
- नियमावली, प्रत्येक पानावर पदाधिकाऱ्यांच्या सह्या
- सगळ्या सभासदांची यादी, पूर्ण नाव, वय, व्यवसाय, पत्ता, सही
- प्रत्येकाचं संमतीपत्र, आधार आणि पॅनची प्रत, फोटो
- पहिल्या सभेच्या ठरावाची प्रत, संस्था स्थापन करायची, नाव अमुक आणि अर्ज करायचा अधिकार अमक्याला
- अधिकारपत्र आणि प्रतिज्ञापत्र
- ऑफिसच्या जागेचं मालकाचं ना हरकत पत्र, सोबत लाईट बिल किंवा घरपट्टीची पावती

त्या शेवटच्यात आमची दुसरी त्रुटी. दुकानाचं लाईट बिल अजून माझ्या सासऱ्यांच्या नावावर, ते वारलेत, आणि ना हरकत मी दिलेली. ज्याच्या नावाचं बिल त्याचीच सही पाहिजे. शेवटी चाचांच्या घराचा पत्ता दिला.

सही आधारवर जशी आहे तशीच करा. "आज घाईत छोटी केली" हे तिथे चालत नाही.

७. अर्ज, त्रुटी, सुनावणी

अर्ज आता धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाईटवरून ऑनलाइन होतो. स्कॅन स्वच्छ पाहिजे, मोबाईलवर काढलेले तिरके फोटो टाकू नका (हे मी धंद्यासाठी नाही सांगत). ऑनलाइन टाकलं म्हणजे झालं असं समजून घरी बसू नका, स्टेटस दर आठवड्याला बघा. आमची तिसरी त्रुटी पोर्टलवर दीड महिना पडून होती आणि आम्ही कार्यालय कसं हळू चालतं ह्यावर ओट्यावर चर्चा करत होतो. ईमेल आला होता, तो सभासदांपैकी एका पोराच्या आयडीवर, आणि पोरगा परीक्षेत. संस्थेचा ईमेल वेगळा काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा.

न्यास नोंदणीच्या वेळी चौकशी होते, हरकती मागवतात, कधी बोलावलं तर मूळ कागद घेऊन जायचं. वकील लावलाच पाहिजे असं नाही. सरकारी फी फार नसते, एजंट सांगतो तो आकडा मात्र पाच आकडी असू शकतो, त्यात "वरचे" म्हणून काय धरलंय ते विचारा आणि उत्तर ऐकून उठून या. न्यायाचं काम करायला निघालेल्या संस्थेने पहिलाच पैसा तिथे टाकायचा?

८. सर्टिफिकेट आल्यावर

पॅन काढा संस्थेच्या नावाने. मग बँक, तिथे ठराव, दोन्ही सर्टिफिकेटं, नियमावली, सह्या करणाऱ्यांची केवायसी आणि परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत त्याची प्रत, मागतात. दोघांच्या सह्या मिळूनच पैसे निघतील असं ठेवा, नवराबायको दोघं नकोत.

रजिस्टरं पहिल्याच दिवशी आणा: प्रोसिडिंग बुक, सभासद रजिस्टर, रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तक नंबर छापलेलं, व्हाउचर फाईल. प्रोसिडिंग त्याच दिवशी लिहायचं, सूचक-अनुमोदकासकट. चार महिन्यांचं एकदम एकाच पेनाने लिहिलेलं लगेच ओळखू येतं.

हिशेब ३१ मार्चला बंद करायचा, सहा महिन्यांच्या आत सीएकडून ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात दाखल करायचं. वर्षात चारशे रुपयेच आले असतील तरी हिशेब दाखल करायचाच.

९. पैसा, आणि अमेरिकेतला भाचा

आयकराची नोंदणी, ज्याला सगळे बारा ए म्हणतात, आणि देणगीदाराला सवलत देणारं ऐंशी जी. सुरुवातीला तात्पुरती नोंदणी मिळते, नंतरचीही कायमची नसते, पाच वर्षांची किंवा कायद्यात असेल तेवढी असते, मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यामुळे कलमांचे नंबर बदलले, सीएला विचारून घ्या, जुन्या यूट्यूब व्हिडिओवर जाऊ नका. रोखीत दोन हजारांच्या वर देणगी घेतली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, आणि नवीन करप्रणाली निवडलेल्याला तर ऐंशी जीची सवलत नाहीच, हे आधी सांगा, नंतर तो तुमच्यावर चिडतो.

नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी यादीत, नोंदणी फुकट आहे, करून टाका. सीएसआरसाठी कंपनी मंत्रालयाचा वेगळा फॉर्म आणि सहसा तीन वर्षांचं काम लागतं, घाई नको.

आता महत्त्वाचं. आमच्या एका सभासदाचा भाचा अमेरिकेत, वाचनालयासाठी पाचशे डॉलर पाठवतो म्हणाला. मन मोठं, पण त्याचा पासपोर्ट अमेरिकन. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो तेव्हा तो परदेशी निधी नाही, पण नागरिकत्व बदललं की, मूळच्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, तो परदेशी स्रोत, आणि एफसीआरए म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेणं गुन्हा. एफसीआरए नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान पंधरा लाख खर्च लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. "माझ्या खात्यावर मागवतो आणि तुम्हाला देतो" असं कुणी म्हणेल, तो शॉर्टकट करू नका. पुणे-मुंबईकडच्या ज्या वाचकांचे निम्मे नातेवाईक तिकडे आहेत त्यांनी हे दोनदा वाचा. भाचा उन्हाळ्यात आला, मुलांना आठ दिवस गोष्टी सांगून गेला, त्याला परवानगी लागली नाही.

१०. बदल अर्ज विसरलात तर मेलात

विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलला, वारला, राजीनामा दिला, पत्ता बदलला, की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यायचा. प्रोसिडिंगमध्ये लिहिलं म्हणजे बदल झाला असं नाही. आमच्या आधीच्या सहसचिव लग्न होऊन पुण्याला गेल्या, नवीन निवडले, पेढे झाले, आणि सगळे विसरलो. बँक म्हणाली उताऱ्यावर जुनं नाव आहे. सात महिने खातं अडकलं, वाचनालयाचं भाडं चाचांनी खिशातून भरलं. मग विलंब माफीचा अर्ज, कारणं, प्रतिज्ञापत्र. गावागावात जुन्या संस्था पडून आहेत ना, ज्यांच्या उताऱ्यावर अजून मेलेली माणसं विश्वस्त आहेत आणि मागे दोन गट कोर्टात, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

त्या अर्जासाठी गेले तेव्हा तेच साहेब होते. "काय ताई, जगाचं काम कुठवर आलं?" म्हटलं, "नाल्यापर्यंत." नगरपालिकेने तोवर नाल्यावर स्लॅब टाकला होता, आता पोरं त्यावर क्रिकेट खेळतात आणि दोन्ही गल्ल्यांत भांडण होतं ते बॉल कुणाच्या घरात गेला ह्यावर.

११. फाईल

सगळ्या कागदांचे तीन संच करा. मूळ कागद एका घरी, एक संच दुसऱ्या गल्लीतल्या सभासदाकडे, एक स्कॅन करून संस्थेच्या ईमेलवर. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट, ऑनलाइन असेल तर स्क्रीनशॉट. आणि माझ्या दुकानात लॅमिनेशनचं मशीन आहे, दर नगाला पैसे मिळतात, तरी सांगते, मूळ सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, पुढे त्यावर नोंद किंवा शिक्का मारायची वेळ आली तर प्लास्टिक सोलत बसाल.